नगरपरिषदेच्या सेवाशुल्कांचा आढावा: सल्लागार कसा नेमावा आणि त्याच्याकडून काय करून घ्यावे

पाणीपट्टी, नवीन नळजोडणीचे शुल्क, शौचालयाच्या टाकीतील मैला उपसण्याचा दर, मासळी बाजारातील ओट्यांचे भाडे, आठवडा बाजाराची बैठक फी, समुद्रकिनाऱ्यावरील वाहनतळाचे शुल्क, नाट्यगृहाचे भाडे, केबल टाकण्यासाठी रस्ता खोदण्याची परवानगी, ही सगळी सेवाशुल्के आहेत. अंदाजपत्रकाच्या वेळी त्यांच्यावर होणारी चर्चा बहुधा एकाच मुद्द्याभोवती फिरते, तो म्हणजे यंदा किती टक्के वाढ करायची. ती सेवा देण्यासाठी नगरपरिषदेला प्रत्यक्षात किती खर्च येतो, हा आधीचा प्रश्न मात्र विचारला जात नाही, कारण त्याचे उत्तर कोणाच्याही टेबलावर तयार नसते. ते उत्तर शोधण्यासाठी बाहेरचा सल्लागार नेमणे हा चांगला मार्ग आहे. परंतु नेमणूक घाईने झाली तर शेजारच्या चार शहरांचे दर एका तक्त्यात मांडलेला जाडजूड अहवाल हाती पडतो आणि मूळ प्रश्न तसाच राहतो. रत्नागिरी-चिपळूणसारख्या ब वर्ग नगरपरिषदांपासून गुहागर, देवगड-जामसंडे यांसारख्या नगरपंचायतींपर्यंतचे मुख्याधिकारी, लेखापाल, नगरसेवक आणि या विषयात लक्ष घालणारे नागरिक यांच्यासाठी हे टिपण लिहिले आहे.

माझे या विषयातले मत प्रथमच नोंदवतो, कारण पुढचे सगळे त्यावर उभे आहे. सल्लागाराकडून प्रत्येक सेवेचा खर्च काढून घ्यावा, दर ठरवून घेऊ नये. किती खर्च नागरिकांकडून वसूल करायचा, किती मालमत्ता कराच्या उत्पन्नातून सोसायचा आणि कोणाला सवलत द्यायची, हे निवडून आलेल्या सभागृहाचे काम आहे. खर्चाचा आकडा खात्रीचा असेल तर सभागृह अवघड निर्णयही घेऊ शकते; तो नसेल तर सोपा निर्णयसुद्धा पहिल्या हरकतीला डगमगतो.

कर आणि शुल्क यांतला भेद

सल्लागाराला बोलावण्यापूर्वी हा भेद सभागृहात सर्वांना स्पष्ट असावा. कर सामान्य खर्चासाठी घेतला जातो आणि त्याच्या बदल्यात अमुक एक सेवा मिळालीच पाहिजे असा दावा करदात्याला करता येत नाही. शुल्काचे तसे नाही, ते सेवेशी बांधलेले असते. १९५४ च्या शिरूर मठ प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हा भेद मांडला. पुढे १९८३ च्या श्रीनिवास जनरल ट्रेडर्स प्रकरणात न्यायालयाने असेही स्पष्ट केले की, शुल्क आणि सेवा यांचा पैशापैशाचा मेळ बसण्याची गरज नाही, दोहोंत व्यापक संबंध दिसला तरी पुरे. तात्पर्य असे की, मासळी बाजारातल्या ओट्याचे भाडे वाढवून त्यातून रस्त्यावरचे दिवे लावण्याचा बेत कोणी मांडला तर तो अडचणीत येऊ शकतो. बाजाराची धुलाई, पाणी, दिवाबत्ती, सांडपाण्याची व्यवस्था आणि इमारतीची दुरुस्ती यांचा खर्च दाखवून केलेली वाढ समर्थनीय ठरते.

दुसरी गोष्ट अधिकारक्षेत्राची. राज्यघटनेच्या अनुच्छेद २४३ भ मध्ये नगरपालिकांना कर व शुल्क आकारण्याचा अधिकार राज्याच्या कायद्यामार्फत देण्याची तरतूद आहे आणि आपल्याकडे तो कायदा म्हणजे महाराष्ट्र नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम, १९६५. तथापि नगरपरिषदेच्या खिडकीवर भरली जाणारी प्रत्येक रक्कम नगरपरिषदेने ठरवलेली नसते. जन्म-मृत्यू दाखल्यांची फी, १९६६ च्या प्रादेशिक व नगररचना अधिनियमाखालील विकास शुल्क, २००६ च्या आग प्रतिबंधक अधिनियमाखालील शुल्क यांचे दर किंवा त्यांची चौकट राज्याकडून येते. पथविक्रेत्यांकडून घ्यावयाच्या शुल्कासाठी २०१४ चा पथविक्रेता अधिनियम, त्याखालील योजना आणि नगर पथविक्रेता समिती यांचा विचार करावा लागतो. म्हणून सल्लागाराच्या कामाचा पहिला तक्ता असा असावा, की आपण घेत असलेले प्रत्येक शुल्क कोणत्या कायद्याने, कोणत्या उपविधीने किंवा कोणत्या ठरावाने घेतले जाते आणि ते बदलण्याचा अधिकार कोणाचा आहे. हा तक्ता करताना एखादे शुल्क कोणत्याच आधाराशिवाय चालू असल्याचे आढळले, तर ते वेळीच कळलेले बरे. स्थानिक निधी लेखापरीक्षेत आक्षेप निघेपर्यंत थांबू नये.

निविदेआधीची घरची तयारी

सल्लागाराचा अर्धा वेळ माहिती मागण्यात आणि उरलेला ती मिळण्याची वाट पाहण्यात जातो, आणि त्या वेळेचे पैसे आपणच मोजत असतो. त्यामुळे निविदा काढण्यापूर्वी कार्यालयातच एक छोटा गट नेमावा. त्यात लेखापाल, पाणीपुरवठा अभियंता, कर निरीक्षक आणि आरोग्य विभागाचा एक जबाबदार कर्मचारी असावा. या गटाने मागील तीन वर्षांची मागणी व वसुली, प्रत्येक सेवेवर असलेले कर्मचारी, महावितरणची देयके, वाहनांची लॉगबुके, दुरुस्तीची देयके आणि ठेकेदारांचे करारनामे एका ठिकाणी आणावेत. महाराष्ट्र नगरपरिषद लेखा संहिता, २०१३ प्रमाणे द्विनोंदी पद्धतीने हिशेब ठेवले जात असतील तर घसाऱ्याचे, म्हणजे वापरामुळे मालमत्तेच्या किमतीत दरवर्षी होणाऱ्या घटीचे, आकडेही मिळू शकतात. ते नसतील तर निदान मालमत्तेची यादी, खरेदीचे वर्ष आणि खरेदीची किंमत एवढे तरी जमवावे.

या तयारीत एक नोंदवही विशेष काळजीने पाहावी, ती म्हणजे पाणीपट्टीचे मागणी रजिस्टर. कोकणातल्या शहरांत त्याच्या शेऱ्याच्या रकान्यात ‘घर बंद’ हे दोन शब्द पुन्हा पुन्हा भेटतात. मालक मुंबईला किंवा ठाण्याला, घर उघडते ते गणपतीत, शिमग्याला आणि मे महिन्यात. अशा जोडणीवर वर्षभर पाणी जवळजवळ वापरलेच जात नाही, पण जलवाहिनी, पंप, टाकी आणि वॉलमन मात्र तिच्यासाठीही ठेवावे लागतात. आणि ज्या आठवड्यांत ती घरे उघडतात नेमक्या त्याच आठवड्यांत शहराची पाण्याची मागणी कळसाला पोचलेली असते. बंद घरे किती, त्यांतील किती घरे आता पर्यटकांना राहायला दिली जातात आणि किती जोडण्यांना चालू स्थितीतले मीटर आहेत, ही तीन उत्तरे नगरपरिषदेकडे आधीच असली तर सल्लागाराची नेमणूक सार्थकी लागण्याची शक्यता खूपच वाढते. त्यासाठी घरोघरी पाहणी करावी लागली तर जवळच्या महाविद्यालयाची मदत घ्यावी. वाणिज्य किंवा भूगोलाच्या विद्यार्थ्यांनी वर्गशिक्षकांच्या देखरेखीखाली केलेली पाहणी स्वस्त पडते, आणि पाखाडीच्या टोकाला कोणाचे घर आहे ते त्यांना विचारावे लागत नाही.

वेळापत्रक

नवे दर १ एप्रिलपासून लागू करायचे असतील तर मोजणी उलटीकडून सुरू करावी. अंदाजपत्रकाच्या सभेपूर्वी सभागृहाने दरांवर निर्णय घेतलेला असावा, त्याआधी हरकती व सूचनांसाठी मुदत गेलेली असावी आणि त्याही आधी, म्हणजे साधारण दिवाळीच्या सुमारास, अहवालाचा मसुदा हाती आलेला असावा. याचा अर्थ कार्यादेश एप्रिलअखेरपर्यंत निघायला हवा. आपल्या किनाऱ्यावर याला आणखी एक कारण आहे. सल्लागाराने शहर मे महिन्यात पाहिले पाहिजे, जेव्हा तलाव आणि विहिरी तळाला जातात, टँकर सुरू होतात आणि किनाऱ्यावर गाड्यांची रांग लागते. आणि तेच शहर त्याने जुलै-ऑगस्टमध्येही पाहिले पाहिजे, जेव्हा गटारे तुंबतात, पंपघरात पाणी शिरते, रस्त्यांची दुरुस्ती थांबते आणि पाठोपाठ गणपतीला चाकरमानी येतात. डिसेंबर-जानेवारीच्या आल्हाददायक हवेत दोन भेटी देऊन लिहिलेला अहवाल आपल्या कामाचा नाही. दोन्ही ऋतूंतील प्रत्यक्ष पाहणीची अट कार्यकक्षेत, म्हणजे सल्लागाराने काय करायचे ते सांगणाऱ्या निविदेच्या भागात, स्पष्ट लिहावी.

कार्यकक्षा कशी लिहावी

निविदेचा हा सर्वांत महत्त्वाचा भाग असतो. ‘नगरपरिषदेच्या उत्पन्नवाढीसाठी उपाययोजना सुचविणे’ अशा मोघम वाक्याने कार्यकक्षा सुरू झाली की काम भरकटते, आणि सल्लागाराला वाटते की आपण दरवाढ सुचवायलाच आलो आहोत. त्याऐवजी ज्या सेवांचा खर्च काढायचा त्यांची नावे लिहावीत. पहिल्याच वेळी सगळ्याच सेवा घेऊ नयेत. पाणीपुरवठा, कचरा संकलन, मैला उपसा आणि बाजार या चारांवर बहुतेक ठिकाणी लक्ष केंद्रित करता येईल. नाट्यगृहाचे भाडे आणि किरकोळ परवानग्या कार्यालयातील गट स्वतः हाताळू शकतो.

प्रत्येक सेवेसाठी सल्लागाराने तीन आकडे द्यावेत, असे कार्यकक्षेत नमूद करावे. पहिला, थेट खर्च: त्या सेवेवरचे कर्मचारी, इंधन, वीज, रसायने, ठेकेदाराचे देयक. दुसरा, त्या सेवेच्या वाट्याला येणारा कार्यालयीन खर्च, आणि तो वाटा कोणत्या सूत्राने काढला त्याचे स्पष्टीकरण. तिसरा, भांडवली मालमत्तेचा घसारा. हा तिसरा आकडा वेगळा दाखवणे फार गरजेचे आहे, कारण आपल्याकडची अनेक वाहने आणि योजना शासकीय अनुदानातून येतात. अनुदानातून आलेल्या गाडीचा घसारा नागरिकांकडून वसूल करावा की नाही, यावर दोन मते असू शकतात. वसूल केला नाही तर गाडी मोडीत निघाल्यावर पुन्हा अनुदानाची वाट पाहावी लागते. वसूल केला तर एकाच गाडीसाठी लोकांनी दोनदा पैसे दिले असे वाटू शकते. माझ्या मते निदान काही भाग वसूल करून तो स्वतंत्र खात्यात ठेवावा, पण हा निर्णय सभागृहाचा आहे आणि तो घेण्यासाठी आकडा सुटा दिसायला हवा.

मैला उपशाचे उदाहरण घेऊन हे तपशिलाने पाहू. आपल्या बहुतेक शहरांत भुयारी गटार योजना नाही, घरोघरी टाक्या आहेत. खालील आकडे केवळ पद्धत समजावी म्हणून घेतले आहेत. समजा, एका गाडीवर चालक व मदतनीस यांचे वर्षाचे वेतन ७,२०,००० रुपये, डिझेल १,८०,०००, दुरुस्ती, टायर व विमा १,५०,०००, गाडीचा घसारा २,४०,०००, प्रक्रिया केंद्राचा खर्च १,५०,००० आणि कार्यालयीन वाटा ६०,००० आहे. एकूण खर्च १५ लाख रुपये होतो. वर्षाला ६०० खेपा झाल्या तर एका खेपेचा खर्च २,५०० रुपये पडतो. आजचा दर १,२०० रुपये असेल तर प्रत्येक खेपेमागे १,३०० रुपये आणि वर्षाला ७ लाख ८० हजार रुपये सामान्य निधीतून जातात. इथपर्यंत कोणीही हिशेब करील. चांगला सल्लागार यापुढे जातो. ६०० च खेपा का होतात, हे तो विचारतो. लोक टाकी उतू जाईपर्यंत बोलावत नाहीत, पावसात एकदम मागणी येते आणि इतर महिन्यांत गाडी उभी राहते, असे कारण निघाले तर तो प्रभागवार वेळापत्रक सुचवील. त्यामुळे खेपा ७५० झाल्या, डिझेल त्याच प्रमाणात वाढून २,२५,००० झाले आणि बाकीचा खर्च तेवढाच राहिला असे धरले, तर एकूण खर्च १५,४५,००० होतो आणि एका खेपेचा खर्च २,०६० रुपयांवर येतो. नागरिकांच्या खिशाला हात न लावता ४४० रुपये इथेच कमी झाले. पाखाडीच्या वस्तीत गाडी घरापर्यंत जात नाही, लांब पाइप जोडावा लागतो आणि खेपेला दुप्पट वेळ लागतो. त्या घरांचा खर्च जास्त म्हणून दर जास्त घ्यावा की सर्वांना समान ठेवावा, हा प्रश्नही तो सभागृहापुढे ठेवील. अशी मांडणी आपल्याला हवी आहे, आणि कार्यकक्षेत एखादे नमुना कोष्टक जोडले तर येणाऱ्या संस्थांनाही ती समजते.

पाण्याच्या बाबतीत कार्यकक्षेत दोन प्रश्न आवर्जून घालावेत. एक, खर्च कोणत्या पाण्यावर भागला जाणार आहे: उचललेल्या, शुद्ध केलेल्या, की प्रत्यक्ष देयक दिलेल्या? गळती आणि बेकायदा जोडण्या यांमुळे या तिन्हींत मोठे अंतर असू शकते आणि सगळ्या गळतीचा भार प्रामाणिकपणे पाणीपट्टी भरणाऱ्यांवर टाकणे अन्यायाचे आहे. दोन, बंद घरांचा स्थिर आकार आणि वापरानुसारचा आकार यांची विभागणी कशी करावी, याचे किमान दोन पर्याय. मालवणला धामापूर तलावातून पाणी येते, सावंतवाडीला पाळणेकोंड धरणातून, रत्नागिरीला शीळ धरणातून. प्रत्येक शहराचा उपसा, अंतर आणि विजेचा खर्च वेगळा आहे. त्यामुळे शेजारच्या शहराचा पाणीदर हा आपल्या दराचा पुरावा होऊ शकत नाही. तुलनेचा तक्ता अहवालात परिशिष्ट म्हणून असू द्यावा, निष्कर्षाचा आधार म्हणून नको.

बाजाराच्या शुल्काबाबत एकच सूचना. मासेमारी बंदीच्या जून-जुलै महिन्यांत ओट्यावर बसणाऱ्या महिलांचा व्यवसाय बसतो, पण बाजाराची देखभाल थांबत नाही. वार्षिक भाडे बारा हप्त्यांत घ्यावे की दहा, हे ठरवण्यापूर्वी सल्लागाराने त्या महिलांशी बोलावे आणि त्या बैठकीचे टिपण अहवालाला जोडावे. ठेकेदारामार्फत बैठक फी वसूल होत असेल तर ठेक्याची रक्कम आणि प्रत्यक्ष वसुली यांतील फरक काढणे हेही कामात धरावे. असा फरक काढून पाहणारे फार थोडे असतात.

कचऱ्याबाबत २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांपासून वापरकर्ता शुल्काची संकल्पना रूढ झाली आहे. येथे घर, खानावळ, हॉटेल आणि मंगल कार्यालय यांच्या कचऱ्याचे प्रत्यक्ष वजन काही दिवस करून पाहावे. वेंगुर्ल्यासारख्या, २०११ च्या जनगणनेत बारा हजारांच्या आसपास वस्ती असलेल्या छोट्या शहराने कचरा डेपोच्या जागी वर्गीकरणाचे केंद्र उभे करून दाखवले आहे. वर्गीकरण झाले की सुका माल विकून येणारे पैसे आणि वाहतुकीत होणारी बचत या दोन्ही बाजू हिशेबात याव्यात, नाहीतर शुल्क उगाच फुगते.

निविदा आणि निवड

खरेदीची पद्धत राज्य शासनाच्या १ डिसेंबर २०१६ च्या शासन निर्णयातील नियमपुस्तिका व त्यानंतरच्या सुधारणा यांप्रमाणे ठरते. रक्कम ई-निविदेच्या मर्यादेत जात असेल तर महाटेंडर्स संकेतस्थळावर निविदा प्रसिद्ध करावी लागते. मर्यादेखाली राहावे म्हणून कामाचे तुकडे करू नयेत, हे वेगळे सांगायला नको. प्रशासकीय मान्यतेसाठी ठराव करतानाच आढाव्याचा हेतू ठरावात लिहून ठेवावा, कारण पुढे कोणी १९६५ च्या अधिनियमाच्या कलम ३०८ खाली जिल्हाधिकाऱ्यांकडे दाद मागितली तर ठरावाची भाषाच पहिल्यांदा वाचली जाते.

पात्रतेच्या अटी फार कडक केल्या तर मुंबई-पुण्यातल्या दोन-तीन मोठ्या संस्थांखेरीज कोणी उरत नाही, आणि त्या संस्था छोट्या नगरपरिषदेकडे आपला अनुभवी माणूस क्वचितच पाठवतात. उलाढालीची अट कामाच्या आकाराला साजेशी ठेवावी. अनुभवाच्या अटीत ‘स्थानिक स्वराज्य संस्थेच्या सेवांचा खर्च काढण्याचे काम’ असे नेमके लिहावे. मालमत्तांचे सर्वेक्षण किंवा कर आकारणीचे संगणकीकरण हा निराळा अनुभव आहे. संगणकप्रणाली विकणाऱ्या किंवा वसुलीचा ठेका घेणाऱ्या संस्थेने पुढे याच नगरपरिषदेत ते काम घ्यायचे नाही, अशी हितसंबंधाची अट घालावी. विद्यापीठे आणि अभ्यास संस्थाही या कामाला येऊ शकतात. १९२६ मध्ये स्थापन झालेल्या अखिल भारतीय स्थानिक स्वराज्य संस्थेसारख्या संस्थांना नगरपालिकांच्या कारभाराची ओळख आहे; लोणेऱ्याच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठासारख्या जवळच्या संस्थेतील तज्ज्ञ तांत्रिक पडताळणीला बोलावता येतात.

केवळ सर्वांत कमी दर पाहून सल्लागार निवडू नये. गुणवत्ता आणि किंमत दोन्हींना भार देणारी पद्धत घ्यावी आणि तो भार विचार करून ठरवावा, कारण निकाल त्यावर फिरतो. समजा, एका संस्थेला तांत्रिक छाननीत ८५ गुण मिळाले आणि तिची किंमत ९ लाख आहे. दुसरीला ७२ गुण आणि किंमत ६ लाख. सर्वांत कमी किमतीला १०० गुण धरून ७०:३० या प्रमाणात हिशेब केला तर पहिलीला ७९.५ आणि दुसरीला ८०.४ गुण पडतात, म्हणजे दुसरी जिंकते. प्रमाण ८०:२० केले तर पहिलीला ८१.३ आणि दुसरीला ७७.६ पडतात. केंद्र सरकारच्या २०१७ च्या सामान्य वित्तीय नियमांत सल्लागार सेवांसाठी गुणवत्तेचा भार ८० टक्क्यांपर्यंत ठेवण्याची मुभा आहे; आपल्याला लागू असलेल्या राज्याच्या नियमांत ते बसते का, हे निविदा काढण्यापूर्वी तपासून घ्यावे. किचकट आणि निर्णयावर मोठा परिणाम करणाऱ्या अशा कामासाठी मी ८०:२० कडे झुकतो.

तांत्रिक छाननीत सादरीकरणाला फार गुण देऊ नयेत. त्याऐवजी दोन गोष्टी मागाव्यात. एक, पूर्वी केलेल्या एखाद्या अहवालाची पूर्ण प्रत, संबंधित संस्थेच्या परवानगीने. ती वाचल्यावर आकडे कोठून आणले आणि गृहीतके कशी मांडली हे लगेच कळते. दोन, ज्यांची नावे प्रस्तावात आहेत त्यांपैकी गटप्रमुखाची समक्ष मुलाखत. त्याला आपल्याच शहरातील एखादे देयक, उदाहरणार्थ पंपघराचे वीजबिल, दाखवून ‘यातून पाण्याचा खर्च कसा काढाल?’ असे विचारावे. स्थिर आकार, वापर, पॉवर फॅक्टर (पुरवलेल्या विजेचा कितपत प्रत्यक्ष उपयोग होतो त्याचे माप) यांवर तो सहज बोलू लागला तर माणूस कामाचा आहे. पूर्वीच्या नगरपरिषदांना फोन करताना ‘अहवाल कसा होता?’ एवढेच न विचारता ‘त्या अहवालावरून तुम्ही कोणता ठराव केलात?’ असे विचारावे.

मोबदला आणि करार

वाढलेल्या उत्पन्नाच्या टक्क्यांवर मोबदला देण्याचा प्रस्ताव आला तर तो नाकारावा. असा मोबदला ठरला की सल्लागाराचे हित दरवाढीत अडकते आणि त्याने काढलेल्या खर्चाच्या आकड्यावर सभागृहाला, नागरिकांना आणि उद्या न्यायालयालाही भरवसा ठेवता येत नाही. मोबदला ठरावीक रकमेचा आणि टप्प्याटप्प्याने असावा. कायदेशीर आधाराचा तक्ता आणि माहितीची छाननी झाल्यावर पहिला हप्ता, खर्चाचा मसुदा आणि दोन्ही ऋतूंतील पाहणी झाल्यावर दुसरा, सभागृहापुढील सादरीकरणानंतर तिसरा, आणि हरकतींवरील लेखी खुलासे व हस्तांतर पूर्ण झाल्यावर शेवटचा. हा शेवटचा हप्ता लहान ठेवू नये. एकूण रकमेच्या पंचवीस टक्के तरी असावा, कारण खरे कष्टाचे काम मसुद्यानंतरच सुरू होते. वस्तू व सेवा कर आर्थिक लिफाफ्यात वेगळा दाखवायला सांगावे. घटनेच्या बाराव्या अनुसूचीतील कामांशी संबंधित निव्वळ सेवांना सूट लागू होत असेल तर ती लेखापालाने आधीच तपासून ठेवावी.

करारात नाव दिलेला गटप्रमुख बदलायचा झाल्यास नगरपरिषदेची लेखी संमती लागेल, ही अट असावी. अहवाल मराठीत मागावा. इंग्रजी अहवालाचा चार पानी मराठी गोषवारा चालणार नाही, कारण सभागृहात चर्चा मराठीत होणार आहे आणि हरकती मराठीत येणार आहेत. हिशेबाची एक्सेल फाइल सर्व सूत्रांसह, कुलूप न लावता, नगरपरिषदेच्या मालकीची म्हणून द्यावी. छापील तक्ते किंवा पीडीएफ मिळाले तर पुढच्या वर्षी वीजदर बदलला की सगळे निरुपयोगी होते.

काम चालू असताना आणि मसुदा आल्यावर

मुख्याधिकाऱ्यांनी एक संपर्क अधिकारी नेमावा आणि दर पंधरा दिवसांनी अर्ध्या तासाची बैठक घ्यावी. बैठकीचे टिपण दोन्ही बाजूंनी सही करून ठेवावे. माहिती द्यायला उशीर झाला तर तोही त्यात नोंदला जावा, म्हणजे मुदतवाढीचा वाद होत नाही.

मसुदा आल्यावर प्रथम तो आपल्या वसुली कर्मचाऱ्यांना, वॉलमनला आणि कचरागाडीच्या मुकादमाला वाचून दाखवावा. गाडी दिवसाला चार खेपा करते असे अहवालात लिहिले असेल आणि मुकादम म्हणत असेल की घाटीच्या बाजूला तीनच होतात, तर दुरुस्ती तिथेच झाली पाहिजे. एकूण आकड्यांचा मेळ मागील वर्षाच्या लेखापरीक्षित हिशेबांशी घालावा. सर्व सेवांवर वाटलेला वेतनखर्च प्रत्यक्ष वेतनखर्चापेक्षा जास्त निघत असेल तर एखादा कर्मचारी दोन ठिकाणी मोजला गेला आहे.

सभागृहापुढे प्रत्येक सेवेचे किमान तीन पर्याय यावेत: आजचा दर कायम ठेवल्यास सामान्य निधीवर किती भार, पूर्ण खर्च वसूल केल्यास दर किती, आणि तीन वर्षांत टप्प्याने गेल्यास दरवर्षी किती. सवलतीचे वर्ग ठरवताना प्रत्येक सवलतीची किंमत समोर लिहिलेली असावी. चिपळूण आणि महाडने २२ जुलै २०२१ चा पूर पाहिला, रायगड आणि दापोलीच्या पट्ट्याने ३ जून २०२० चे निसर्ग वादळ पाहिले. अशा आपत्तीनंतर पाणीपट्टी किंवा ओटाभाडे माफ करण्याची वेळ येते. त्यासाठी राखीव निधी किती ठेवावा, हे सल्लागाराकडून लिहून घ्यावे. हे कार्यकक्षेतच घातले तर उत्तम.

हरकती व सूचना मागवताना फक्त प्रस्तावित दर प्रसिद्ध न करता त्यांच्या शेजारी सेवेचा खर्चही छापावा आणि प्रभागवार सभांना सल्लागाराने स्वतः हजर राहावे, ही अट करारात असावी. सभेत प्रश्न येतील ते दरापेक्षा सेवेबद्दल अधिक येतील: पाणी एक दिवसाआड का, घंटागाडी वाडीपर्यंत का येत नाही. त्यांची उत्तरे प्रशासनाने द्यायची आहेत, सल्लागाराने नव्हे, आणि ती देण्याची तयारी करूनच सभा लावावी. जेथे दरवाढ होणार आहे तेथे सेवेत काय बदलणार आणि कधी, हे ठरावातच लिहिता आले तर फार चांगले. लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ खाली अधिसूचित सेवांना मुदत ठरलेली असतेच, बाकीच्यांसाठी नगरपरिषदेने स्वतः ठरवावी.

शेवटचा हप्ता देण्यापूर्वी एक चाचणी घ्यावी. लेखा विभागातील कर्मचाऱ्याने सल्लागाराच्या मदतीशिवाय त्या एक्सेल फाइलमध्ये नवे वीजबिल, नवे वेतन आणि नव्या खेपा भरून पुढील वर्षाचा खर्च काढून दाखवावा. त्याला ते जमले की देयक अदा करावे.